घोडीला लाथ बसली आणि तबेल्यात बोलणं बंद झालं

पत्राचा सारांश, नावं आणि ओळखीच्या खुणा काढून:

सोलापूरच्या एका ताईंनी लिहिलंय. शहराबाहेर एका शेतकऱ्याच्या अर्धा एकर जागेत चार घरांचा मिळून तबेला आहे. ताईंनी मुलीसाठी घेतलेली मारवाडी घोडी, वरातीला घोड्या पाठवणाऱ्या एका काकांच्या दोन पांढऱ्या नुकरा घोड्या, एका डॉक्टरांचा म्हातारा खच्ची केलेला काठेवाडी घोडा, आणि दोन महिन्यांपूर्वी आलेला एका कॉलेजच्या पोराचा तीन वर्षांचा घोडा. घोड्यांची निगा राखायला पगारी मोतद्दार एकच. वर्षभर सगळी एकत्र मोकळी सोडायचे, काही त्रास नव्हता. मागच्या आठवड्यात संध्याकाळी कडबा टाकायच्या वेळेला काकांच्या मोठ्या घोडीनं ताईंच्या घोडीला लाथ मारली, मागच्या पायाला आतल्या बाजूनं. अजून ती जरा लंगडते. काकांचं म्हणणं, तुमची घोडी बांधून ठेवा, माझ्या घोडीच्या अंगावर ओरखडा आला तर वरातीची सुपारी जाते. व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद झाला, कोणीतरी ‘बायकांना घोड्यातलं काय कळतं’ असं लिहिलं, तेव्हापासून बोलणं बंद. पोराचं म्हणणं आमचा घोडा अजून लहान आहे, तो कोणाला काही करत नाही. ताई विचारतात: जनावरांच्या डॉक्टरचं बिल काकांकडून मागू का, घोडी बांधून ठेवू का, की सरळ दुसरा तबेला बघू?

ताई,

भांडणाचं नंतर बोलू, आधी घोडीच्या पायाचं. तुम्ही लिहिलंय की लाथ आतल्या बाजूनं बसली आणि आठवडा झाला तरी ती जरा लंगडते, पण खाते-पिते म्हणून तुम्ही वाट बघताय. वाट बघू नका. त्या जागेवर हाडावर मांस जवळपास नसतंच, कातडीखाली लगेच हाड लागतं, आणि तिथं लाथ बसली की हाडाला बारीक चीर जाऊ शकते जी वरून दिसत नाही, घोडी चालते, खाते, आणि मग एक दिवस पळताना नाहीतर नुसती बसून उठताना ते हाड पूर्ण मोडतं. असं झालं की घोड्याच्या बाबतीत फार काही हातात उरत नाही. म्हणून पोर्टेबल एक्सरे असलेला जनावरांचा डॉक्टर तबेल्यावर बोलवा. पहिल्या एक्सरेत चीर कधीकधी दिसत नाही, दहा-बारा दिवसांनी परत काढायला सांगितलं तर खर्चाकडे बघून टाळू नका. उदगीरला आणि शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोडीला टेम्पोत चढवू नका, चीर असेल तर त्या प्रवासातच पाय जाईल. तोपर्यंत ती तिच्या खणात, शेजारी दुसरं जनावर दिसेल अशी, आणि मुलीनं खोगीर टाकायचं नाही. जखम उघडी होती का ते तुम्ही लिहिलं नाही, असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी दिलंय ते आजच बघा, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. जवळ कोणी डॉक्टर मिळत नसेल तर १९६२ वर फोन लावा, सरकारची फिरती पशुवैद्यकीय गाडी त्या नंबरवर मिळते.

याच डॉक्टरांकडून अजून एक गोष्ट करून घ्या, जी तुमच्या पत्रात कुठंच नाही. सोनोग्राफी. तुमची घोडी आणि काकांच्या दोन्ही घोड्या, तिघींची.

तुम्ही पोराच्या घोड्याचं अगदी जाता जाता लिहिलंय, भांडणात तो जणू बाहेरचाच. पण तुमचं पत्र मी दोनतीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी तिथंच येऊन थांबते. वर्षभर घोड्या एकत्र सुटत होत्या, काही झालं नाही. दोन महिन्यांपूर्वी हा आला, आणि आता लाथा सुरू झाल्या. तीन वर्षांचा, खच्ची न केलेला घोडा लहान नसतो ओ, घोडं दीड वर्षाचं झालं की घोडीला गाभण करू शकतं. घोडी साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि पाच-सात दिवस राहते, म्हणजे दोन महिन्यांत तुमच्या तिन्ही घोड्या दोनतीन वेळा तरी माजावर आल्या असणार, आणि तो त्यांच्यात मोकळा होता. कोणी बघितलं नाही म्हणजे काही झालं नाही असं नसतं, रात्री तिथं कोण असतं? गाभण आहे का हे सोनोग्राफीत पंधरा-सोळा दिवसांनंतर कळतं. लवकर कळलं तर डॉक्टरांकडे उपाय असतात, दिवस वर गेले की ते अवघड होत जातं, आणि मग अकरा महिने थांबून शिंगरू, त्याचा खर्च, मुलीचं घोडेस्वारी शिकणं बंद. काकांचं तर याहून अवघड, गाभण घोडी पुढच्या सीझनला वरातीत उभी करता येत नाही.

हे मी पोराला दोष द्यायला नाही लिहीत. पण असा घोडा कळपात आला की घोड्यांची आपापसातली जी घडी बसलेली असते ती मोडते. कोण आधी पाण्याला जाणार, कोणी कोणाच्या किती जवळ उभं राहायचं, हे त्यांनी वर्षभरात ठरवून घेतलेलं असतं, नुसते कान मागे पाडून, शेपटी झटकून भागतं, पाय उचलायची वेळ येत नाही. माजावरची घोडी किंचाळते, मागे वळते, तो मागं लागतो, दुसरी मध्ये पडते, आणि याच गडबडीत संध्याकाळी कडबा आला. एकाच गव्हाणीत ना? तुम्ही लिहिलंय ‘गव्हाणीपाशी’, म्हणजे पाच जनावरांना एक गव्हाण. घोड्यांची भांडणं मैदानाच्या मध्यात फार कमी होतात, चाऱ्यापाशी, पाण्यापाशी आणि फाटकापाशी होतात, कारण तिथं मागं सरायला जागा नसते. दिवसभर भुकेलेली पाच जनावरं एका गव्हाणीवर आली तर सगळ्यात गरीब घोडीही लाथ मारेल.

म्हणून ‘काकांची घोडी मारकी आहे’ हे मला पटत नाही. आणि ‘घोडी बांधून ठेवा’ हे काकांचं म्हणणंही पटत नाही. बांधलेली घोडी सुरक्षित असते असं आपल्याकडं सगळेच धरून चालतात, अगाडी-पिछाडी लावली की झालं. पण घोड्याचं पोट दिवसभर थोडं थोडं खायला आणि चालायला बनलंय, त्याच्या पोटात आम्ल सारखं तयार होत राहतं, खायला असो नसो. बारा-चौदा तास आखूड दोरावर, दोन वेळेला चारा, असं ठेवलं की पोटात जखमा होतात, पोटदुखी होते, जनावर एका जागी डोलायला लागतं, लाकूड कुरतडतं. आणि बाकीची मोकळी असताना एकच बांधलेली असेल तर ते सगळ्यात धोक्याचं, तिला पळता येत नाही. आखूड दोरीनं जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही बसत नाही, पण तो कायदा काकांना दाखवायला जाऊ नका, त्यानं काही सुटणार नाही.

बांधून ठेवणं आणि सगळ्यांना एकत्र सोडून देणं, तुमच्या तबेल्यात हे दोनच पर्याय आहेत असं सगळ्यांनी धरलंय. तिथंच मोठी चूक आहे. घोड्याला सोबत लागते, पण सोबतीला कळपच लागतो असं नाही. एक ओळखीचं, जमणारं जनावर पुरतं. वारीतले अश्व तुम्ही वाखरीला नाहीतर पुरंदवड्याला बघितले असतील. लाखोंच्या गर्दीत, टाळ-मृदंगात, रिंगणात दोन अश्व धावतात, एकावर स्वार आणि दुसरा मोकळा, माउलींचा. बेळगावकडच्या अंकलीहून ते जोडीनं चालत आलेले असतात, त्या गोंगाटातही मोकळा घोडा भरकटत नाही. जोडी जमली की घोडं शांत होतं. तुमच्या तबेल्यात पाच जणांचा एक कळप कशाला पाहिजे, दोन जोड्या आणि एक वेगळा असं का नको?

आता काका. ताई, तुम्हाला ते स्वार्थी वाटतात, आणि ग्रुपवरचा तो मेसेज त्यांच्या बाजूच्या कोणाचा असेल तर राग येणं बरोबरच आहे, तो मेसेज चुकीचाच होता आणि ज्यानं लिहिला त्यानं माफी मागायला पाहिजे. पण लाथ बसल्यावर तुमचं काय जातं आणि काकांचं काय जातं ते जरा शेजारी ठेवून बघा. तुमच्या घोडीच्या अंगावर ओरखडा आला तर तुम्हाला वाईट वाटेल, औषध लावाल, महिन्याभरात केस येतील. काकांच्या पांढऱ्या घोडीच्या मानेवर दाताचा वण दिसला तर नवरदेवाकडचे लोक आयत्या वेळी दुसरी घोडी बघतात, आणि लग्नाचा सीझन वर्षात काही महिन्यांचाच असतो, त्यात त्यांचं वर्षाचं घर चालतं. डॉक्टरांसाठी घोडा म्हणजे आवड, पोरासाठी हौस आणि पुढं नर बाळगून फळवणीचे पैसे मिळतील अशी आशा, शेतकऱ्यासाठी महिन्याचं भाडं. एकाच लाथेची किंमत चार घरांत चार वेगळी आहे आणि तुम्ही पाचही जनावरं एकाच नियमानं सोडता, त्यामुळं ज्याचं जास्त जातं तो जास्त ओरडणारच.

अजून एक, जे काका स्वतःहून सांगणार नाहीत. वरातीला गेलेली घोडी रात्री एक-दीडला परत येते, चार तास डीजेपुढं उभी, फटाके, लोकांचे हात, पाठीवर झूल, पोटात काही नाही. सकाळी तीच घोडी कळपात सोडली तर ती तापटच वागणार. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्या घोडीला वेगळं, सावलीत, भरपूर चारा-पाणी देऊन राहू द्या असं तुम्ही सुचवलंत तर त्यांना वाटेल की बाईला घोड्यातलं कळतं. खरं तर ग्रुपवरच्या त्या मेसेजला याच्याहून चांगलं उत्तर नाही.

बिल मागू नका. बरोबर-चूक बाजूला ठेवा, एकत्र सोडायला तुम्हीही वर्षभर हो म्हणत होतात, कोणत्या घोडीनं आधी काय केलं हे कोणी सांगू शकत नाही, आणि बिल मागितलं की उद्या तुमच्या घोडीनं चावा घेतला तर काका बुडालेल्या सुपारीचे पैसे मागतील, ते तुमच्या बिलाच्या कितीतरी पट असतील. ज्याच्या जनावराला लागलं त्यानं त्याचा दवाखाना करायचा, हाच नियम सामायिक तबेल्यात टिकतो. पण हा नियम आधी ठरलेला पाहिजे, लाथ बसल्यावर नाही.

मग आधी कोणाशी बोलायचं? काकांशी पण नाही, पोराशी पण नाही. मोतद्दाराशी. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल एकच वाक्य आहे, ‘पगारी मोतद्दार एकच’, पण पाचही जनावरं रोज बघणारा तोच एक माणूस आहे. खरारा तो करतो, कडबा तो टाकतो, कोणती घोडी कधी माजावर येते हे त्याला माहीत असतं, कोण कोणाशेजारी शांत उभं राहतं हेही. आणि त्याला दिवसातून चार घरांचे चार फोन येतात, एक म्हणतं सोड, एक म्हणतं बांध, आणि काही झालं की सगळे त्याच्यावर. त्याला एकट्याला, चहा देऊन, विचारा की तुझ्या मनानं सोडायचं ठरवलं तर कसं सोडशील. माझा अंदाज आहे की तो जे सांगेल ते खाली मी जे लिहिणार आहे त्याच्या जवळपास असेल. त्यानं वेगळं सांगितलं तर त्याचं ऐका, त्यानं ती जनावरं बघितलीत, मी नाही.

मग काकांकडे घरी जा. ग्रुपवर नको, फोनवर नको. आणि मुद्दा काढायचा तो सोनोग्राफीचा काढा, कारण त्यात तुमचं आणि त्यांचं हित एकच आहे. साधं असं म्हणा, ‘काका, तुमच्या घोडीचा दोष आहे असं मी म्हणत नाही. पण तो घोडा आल्यापासून हे सुरू झालंय, आपल्या तिन्ही घोड्यांची तपासणी एकाच दिवशी करून घेऊ, डॉक्टरांची फेरी वाटून घेऊ.’ काकांना हे आधीच सुचलं असेल आणि पोराच्या बापाशी ओळख असल्यामुळं बोलता येत नसेल, असंही असू शकतं. दोन घरं एका बाजूला आली की पोराशी बोलणं सोपं होतं.

पोराशी बोलताना त्याला घेरू नका. त्याच्यापुढं दोन रस्ते आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. घोडा फळवणीला ठेवायचा नसेल तर खच्ची करायचा. पावसाळ्यात माश्या फार, जखम चिघळते, म्हणून डॉक्टर बहुतेक दिवाळीनंतर थंडीत करा म्हणतील, आणि केल्यावरही पाच-सहा आठवडे माद्यांपासून लांब ठेवायला सांगतील कारण तेवढे दिवस तो गाभण करू शकतो, लोक हे विसरतात. ठेवायचा असेल तर त्याला वेगळा वाडा, उंच आणि मजबूत कुंपणाचा, काटेरी तार अजिबात नको, खर्च त्याचा. पण त्याला चार भिंतींच्या आत अंधारात कोंडू नका, तोही तीन वर्षांचं पोरच आहे, एकटं ठेवलं तर बिघडेल आणि मग खरंच मारका होईल. डॉक्टरांचा म्हातारा काठेवाडी आहे ना, माद्यांपासून लांब असताना असा शांत खच्ची घोडा तरुण घोड्याला पुष्कळदा चांगलं वळण लावतो. डॉक्टर तयार असतील तरच, आणि आधी कुंपणापलीकडून ओळख होऊ द्या. शेवटी कोणताच रस्ता त्याला मान्य नसेल तर तो घोडा त्या तबेल्यात राहू शकत नाही, हे मात्र तिन्ही घरांनी स्पष्ट सांगायला पाहिजे, त्यात मऊपणा नको.

आणि तो आला कसा? पत्रात लिहिलंय की व्यापाऱ्याकडून घेतला आणि त्याच संध्याकाळी कळपात सोडला. बाजारातून फिरून आलेल्या घोड्याच्या शेजारी राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश कुठलीही जनावरं उभी राहिलेली असतात. नवीन घोडं तीन आठवडे वेगळं ठेवायचं, बादली वेगळी, खराऱ्याचा ब्रश वेगळा, मोतद्दारानं त्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं. नाकातून घट्ट शेंबूड, जबड्याखाली गाठी, ताप दिसला तर डॉक्टर. ग्लँडर्स या रोगाची रक्ततपासणी करून घ्या, नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातो, तो रोग माणसालाही होतो, त्याच्यावर लस नाही, आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यानं तो कळवणं बंधनकारक आहे, सापडलं तर जनावर मारावं लागतं. घाबरवायला नाही सांगत, पण तुमची मुलगी त्या घोड्यालाही हात लावत असेल.

आता तिन्ही घोड्यांचं. आषाढी जवळ आलीय, चातुर्मास लागला की मुहूर्त बंद, तुळशीच्या लग्नापर्यंत काकांच्या घोड्यांना वराती नाहीत. म्हणजे वर्षातले हेच चार महिने आहेत जेव्हा एखादा ओरखडा काकांना परवडतो, आणि याच दिवसांत त्यांच्या घोड्यांचे मागचे नाल काढता येतात, कारण डांबरी रस्त्यावर चालायचं नसतं. मागचा नाल नसलेली लाथ आणि नाल असलेली लाथ यात मुका मार आणि मोडलेलं हाड एवढा फरक पडतो. नालबंदाला एकदाच बोलवून तिघींचे काढा. तुमच्या घोडीचा पाय बरा झाला, डॉक्टरांनी हो म्हटलं, की मग आठवडाभर कुंपणाच्या दोन बाजूंना ठेवा, एकमेकींना हुंगू दे, थोडं किंचाळतील, ते चालतं. मग काकांची धाकटी घोडी आणि तुमची, दोघीच, सकाळी पोटभर खाऊन झाल्यावर सोडा. दोघींना तीन ठिकाणी चारा, एकमेकीपासून दहा-बारा पावलं लांब. जेवढी जनावरं त्याहून एक ढीग जास्त, हे कायमचं लक्षात ठेवा, गव्हाण काढूनच टाकलीत तरी चालेल. पहिला तासभर मोतद्दारानं बाहेर उभं राहायचं. कान पाडणं, किंचाळणं, थोडं पळवणं, एखादी हवेत लाथ, यात मध्ये पडायचं नाही. एक दुसरीला कोपऱ्यात दाबून परत परत मारतेय, किंवा पाण्याला जाऊच देत नाही, तर त्या दिवशी थांबवा. भांडणाऱ्या घोड्यांच्या मध्ये माणसानं कधी जायचं नाही, पाण्याची बादली आपटा, आवाज करा. मोठी घोडी शेवटी, आणि तिचं नाहीच जमलं तर नाही जमलं, ती धाकटीसोबत आणि तुमची डॉक्टरांच्या घोड्यासोबत (तो पोराच्या घोड्याच्या सोबतीला नसेल तर), काही बिघडत नाही.

तुळशीचं लग्न झालं की काकांच्या घोड्या परत वेगळ्या, आपसात जोडीनं, आणि बाकीच्यांना दुसरा भाग, पोराचा घोडा मात्र त्याच्या वेगळ्या वाड्यातच. हे कॅलेंडरवर लिहून ठेवा म्हणजे दरवर्षी रुसवे नकोत.

जागा अर्धाच एकर, तिचे भाग कसे करायचे? शेतकऱ्यांकडं रानडुकरांसाठी सोलरचं झटका मशीन असतं ते चालतं, पण बारीक तार नको, रुंद पांढरी पट्टी लावा, घोड्याला बारीक तार दिसत नाही आणि तो त्यात अडकून पाय कापून घेतो. घरच्या लाइटचा करंट थेट कुंपणात सोडायचा नाही, कोणी सल्ला दिला तरी, त्यात माणसं मरतात. फाटक रुंद पाहिजे, दोन घोडी शेजारून जातील एवढं. काळी माती आहे तर पावसाळ्यात फाटकापाशी आणि चाऱ्याच्या जागी मुरूम टाकून घ्या, चिखलात घसरलेलं घोडंही पाय मोडून घेतं. बांधावर कण्हेर असेल तर आजच काढा, वाळलेली पानंसुद्धा विषारी. वेड्या बाभळीच्या शेंगा पडत असतील तर झाडून घ्या, जास्त खाल्ल्या की पोट बांधतं. आणि पाऊस पडल्यावर शेजारची कोवळी ज्वारी कोणी प्रेमानं आणून टाकली तर नको म्हणा, वाळलेला कडबाच बरा.

मुलीचं एक. पत्रात आहे की ती खिशात गूळ घेऊन कळपात जाते आणि सगळ्या तिच्यामागं येतात, तुम्हाला ते गोड वाटतं. हे आजपासून बंद. लाथ तिला मारलेली नसेल, दुसऱ्या घोडीला मारलेली असेल, पण मध्ये ती असेल. गूळ द्यायचा तर घोडी खणात असताना, हात सपाट ठेवून.

हे सगळं एका साध्या कागदावर लिहा, स्टॅम्पची गरज नाही, चार घरांच्या आणि शेतकऱ्याच्या सह्या. त्यात मुख्य ओळ ही पाहिजे की कोण कोणासोबत सुटणार हे मोतद्दार ठरवेल आणि कोणीही मालक फोन करून ते बदलणार नाही. मालकाला पटलं नाही तर तो आपलं जनावर त्या दिवशी आत ठेवू शकतो, दुसऱ्याच्या जनावराबद्दल हुकूम देऊ शकत नाही. दवाखान्याचा खर्च ज्याचा त्याचा, नवीन घोडं तीन आठवडे वेगळं, लसी सगळ्यांच्या. मोतद्दाराचा पगार या जबाबदारीसाठी थोडा वाढवा, चौघांनी मिळून, तो नाही वाढवला तर कागदाला अर्थ नाही.

तबेला बदलायचं म्हणत होतात. आत्ता लंगड्या पायानं तर नकोच. पण पोराच्या घोड्याचा निर्णय महिन्याभरात झाला नाही, किंवा मोतद्दाराच्या हातात सोडायचं ठरवणं कोणालाच मान्य झालं नाही, तर जरूर बदला, त्याला हार मानू नका. नवीन जागा बघायला संध्याकाळी चाऱ्याच्या वेळेला जा, सकाळी सगळेच तबेले शांत दिसतात. चारा किती ठिकाणी टाकतात ते बघा, कुंपण कसलं आहे ते बघा, खच्ची न केलेला घोडा कुठं ठेवलाय ते विचारा. आणि तिथं पोचल्यावर त्यांनी तुमच्या घोडीला पहिल्याच दिवशी कळपात सोडायची घाई केली तर तिला उतरवूच नका.